मुलाला आणि मला एमएमए शिकायचं आहे. क्लास निवडताना नेमकं काय बघायचं?

प्रश्न : माझा मुलगा 9 वर्षांचा आहे. शाळेत दोन-तीन मोठी मुलं त्याला ढकलतात, कधी मान काखेत दाबून धरतात. तो प्रतिकार करत नाही, घरी येऊन रडतो. मी 38 वर्षांची. कामावरून परतायला रात्र होते आणि रस्त्यात भीती वाटते. घराजवळ एमएमए (मिक्स्ड मार्शल आर्ट्स) आणि सेल्फ डिफेन्सचा क्लास निघाला आहे. मुलांची बॅच वेगळी आहे, दर तीन महिन्यांनी बेल्ट देतात, हेडगार्ड घालून स्पारिंगही (जोडीदाराशी सरावाची लढत) घेतात. घरचे म्हणतात, हा मारामारीचा खेळ आहे, मुलाला पाठवू नकोस. शिवाय महिलांसाठी एका दिवसाची कार्यशाळाही आहे. आम्ही दोघांनी काय करावं? ज्याला यातलं काही कळत नाही त्याने चांगला क्लास कसा ओळखावा?

उत्तर : ताई, आधी सरळ उत्तर देतो, कारणं मागाहून. तुम्ही दोघांनीही जरूर शिका. मात्र क्लास कुठलाही असो, दोन गोष्टी स्वतःच्या डोळ्यांनी बघितल्याशिवाय नाव घालू नका. पहिली, शिकवलेला डाव विरोध करणाऱ्या जोडीदारावर आजमावायला लावतात का. दुसरी, तो आजमावताना मुलांच्या डोक्याला फटका बसणार नाही याची काळजी घेतात का. पहिली गोष्ट नसेल तर शिकलेलं वेळेला उपयोगी पडत नाही, आणि दुसरी नसेल तर तुमच्या मुलाला शाळेतल्या मुलांपेक्षा जास्त इजा क्लासमध्येच होईल. तुम्ही वर्णन केलेल्या क्लासमध्ये ‘हेडगार्ड घालून स्पारिंग’ हे शब्द वाचून मला काळजी वाटली. त्याबद्दल पुढे सविस्तर लिहितो.

घरच्यांच्या भीतीपासून सुरुवात करू. त्यांच्या डोळ्यांसमोर टीव्हीवरची व्यावसायिक लढत आहे आणि तसं काही मुलाच्या वाट्याला येणार असेल तर त्यांचं म्हणणं बरोबरच आहे. 12 नोव्हेंबर 1993 ला अमेरिकेत डेन्व्हरला यूएफसी या एमएमएच्या व्यावसायिक लढतींची पहिली स्पर्धा झाली, तेव्हा नियम अगदी मोजके होते. त्या रात्री रॉयस ग्रेसी या सडपातळ ब्राझिलियन खेळाडूने आपल्याहून वजनदार तिघांना एकामागून एक हार मान्य करायला लावली, आणि तीही ठोशांनी नव्हे, तर जमिनीवर नेऊन, पकडीत घेऊन. मारामारी म्हणजे ठोसे आणि लाथा असं धरून चाललेल्या मंडळींना त्या दिवशी कळलं की दोन माणसं भिडली की बहुतेक वेळा एकमेकांना धरतात, पडतात आणि तिथे काय करायचं हे कोणी शिकवलेलंच नसतं. पुढे 2000 च्या सुमारास न्यू जर्सीत एकसारखी नियमावली तयार झाली. डोळ्यात बोट घालणं, जांघेत मारणं, डोक्याने टक्कर देणं, डोक्याच्या मागच्या बाजूला मारणं या सगळ्यावर त्यात बंदी आहे. आज एमएमए म्हणजे बॉक्सिंग, मुए थाई (थायलंडचा लाथा-ठोशांचा खेळ), कुस्ती, जुदो आणि ब्राझिलियन जिउ-जित्सू (जमिनीवरच्या पकडींचा खेळ) यांचं मिश्रण. मुलांच्या चांगल्या बॅचमध्ये यातला कुस्ती आणि जिउ-जित्सूचा भाग मोठा असतो आणि ठोसे फक्त पॅडवर असतात. घरच्यांना सोबत घेऊन जा आणि एक तास बसवून दाखवा. न पटल्यास त्यांचा आक्षेप नेमका कशावर आहे हे तरी कळेल.

आता पहिली कसोटी, विरोधाची. माझ्या दृष्टीने सगळ्यात महत्त्वाची हीच आहे, म्हणून जरा वेळ घेतो.

पुष्कळ क्लासेसमध्ये दृश्य असं असतं : एकाने मनगट धरलं, दुसऱ्याने हात फिरवला, कोपर मारलं, पहिला आडवा झाला, टाळ्या. धरणाऱ्याने फक्त धरलेलं असतं. तो ओढत नाही, ढकलत नाही, दुसरा हात वापरत नाही. अशा सरावाने हालचालीचा आकार कळतो, पण ती हालचाल कधी चालते आणि कधी चालत नाही हे कळत नाही. खरा माणूस ओढतो. घाम आलेला असतो, हात निसटतो, तुमचा तोल गेलेला असतो आणि छातीत धडधडत असतं. त्या अवस्थेत शरीर तेवढंच करतं जे त्याने तशाच धडपडीत आधी केलेलं आहे.

हे नवं ज्ञान नाही. जिगोरो कानो यांनी 1882 मध्ये टोकियोत कोदोकान ही शाळा सुरू करून जुदोची उभारणी केली, ती याच विचारावर. जुजुत्सू या जुन्या जपानी युद्धविद्येतले सर्वांत घातक प्रकार त्यांनी मुक्त सरावातून बाजूला काढले. उरलेल्या डावांचा सराव विद्यार्थी पूर्ण ताकदीने, विरोध करणाऱ्या जोडीदारासोबत करू लागले. या मुक्त सरावाला रांदोरी म्हणतात. डाव कमी घातक झाला, पण रोज आजमावला गेला, म्हणून करणारा जास्त तयार झाला. त्यामुळे एखादे सर सांगू लागले की ‘आमचे डाव इतके जीवघेणे आहेत की त्यांचा खराखुरा सराव करताच येत नाही’, तर ते डाव त्यांनीही कधी आजमावलेले नाहीत एवढाच त्याचा अर्थ घ्या.

विरोध म्हणजे धुमश्चक्री नव्हे, हेही लक्षात घ्या. चांगला प्रशिक्षक विरोध चढत्या क्रमाने वाढवतो. आधी जोडीदार काहीच करत नाही आणि तुम्ही आकार शिकता. मग तो थोडं वजन टाकतो, चूक झाली तर डाव लागू देत नाही. मग छोटा खेळ : एक मूल खाली, दुसरं त्याच्या छातीवर बसलेलं. वरच्याचं काम एवढंच की बसून राहायचं, खालच्याचं काम एवढंच की बाहेर निघून उभं राहायचं. वेळ एक मिनिट, मारायला बंदी. मग अदलाबदल. कोणाला काही लागत नाही, पण त्या मिनिटात दोन्ही मुलं खरोखर झटतात. क्लास बघायला गेलात की असा काही प्रकार दिसतो का हे शोधा. पूर्ण तासभर मुलं रांगेत उभी राहून हवेत ठोसे मारत असतील आणि मग एकदम हेडगार्ड चढवून एकमेकांवर सोडली जात असतील, तर मधला सगळा जिनाच गायब आहे.

तुमच्या मुलाच्या बाबतीत मी कुस्ती आणि जिउ-जित्सूपासूनच सुरुवात करायला सांगेन. शाळेतली भांडणं कशी होतात ते तुम्हीच लिहिलं आहे : ढकलणं, मान काखेत दाबून धरणं. पुढे पाडून वर बसणंही येतं. या कशाचंच उत्तर ठोशात नाही. मान काखेत सापडली की मूल सरळ मागे ओढतं आणि गळा आणखी आवळला जातो. त्याला शिकवायचं ते असं : हनुवटी खाली घे, तोंड समोरच्याच्या बरगड्यांकडे वळव म्हणजे श्वास घेता येईल, गळ्याजवळचं मनगट दोन्ही हातांनी धरून खाली खेच, पाय त्याच्या मागे नेऊन जवळ सरक, मग डोकं काढ. वाचून हे येणार नाही. पण आठवड्यातून दोनदा, वेगवेगळ्या अंगाच्या मुलांसोबत केलं तर काही महिन्यांत मुलाच्या चेहऱ्यावरची घाबरगुंडी कमी होते. कारण मान धरली गेल्याची भावना त्याला ओळखीची होते. हा बदल मी मुलांमध्ये वारंवार पाहतो आणि डावापेक्षा मला त्याचंच मोल जास्त वाटतं. शिवाय न मारता सुटता येतं, न मारता समोरच्याला धरून ठेवता येतं, त्यामुळे उद्या शाळेत उलट तुमच्याच मुलाची तक्रार जाण्याची वेळ येत नाही.

याच्या जोडीला आवाज. दोन पावलं मागे, दोन्ही तळवे छातीसमोर उघडे, आणि मोठ्याने ‘थांब! हात लावू नकोस!’ शांत मुलांना हे डावापेक्षा अवघड जातं, म्हणून क्लासमध्ये याचाही सराव हवा. आणि एक गोष्ट क्लासवर सोडू नका : शाळेशी तुम्ही आत्ताच बोला. मोठ्या मुलांच्या टोळक्याला आवरणं ही मोठ्या माणसांची जबाबदारी आहे. ‘क्लास लावलाय, आता तूच बघ’ असा निरोप मुलाला चुकूनही जाता कामा नये.

वयाबद्दल थोडक्यात. सात वर्षांखालच्या मुलांना मी डाव शिकवायच्या मागे लागत नाही. लोळणं, पडणं, तोल सांभाळणं, पळापळीचे आणि ओढाओढीचे खेळ पुरेत. आठ ते बारा या वयात पकडी, सुटका, पट काढणं, जमिनीवरच्या स्थिती आणि पॅडवर ठोसे-लाथा. तेराच्या पुढे, ज्याला खरोखर गोडी आहे त्याने अंगावर हलक्या स्पर्शाचं स्पारिंग, तेही प्रशिक्षक शेजारी उभा असताना.

आणि डोकं? मुलांच्या डोक्यावर फटका नाहीच. इथे मी कुठलीही सूट देत नाही.

लहान मुलाचं डोकं शरीराच्या मानाने जड असतं, मान बारीक असते आणि मेंदूची वाढ चालू असते. फटका बसला की डोकं झटक्यात फिरतं आणि कवटीच्या आत मेंदू हलतो. हेडगार्डने कातडी फाटत नाही, कान-कपाळ वाचतं, पण आतली ही हालचाल त्याने थांबत नाही. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने 2011 मध्ये मुलांच्या बॉक्सिंगला जाहीर विरोध केला. 2016 च्या अहवालात तिने मार्शल आर्ट्सचे फायदे मान्य केले, संपर्क नसलेल्या सरावाला सुरक्षित म्हटलं, पण हेडगार्डमुळे मेंदूला धक्का बसणं टळतं असं समजू नका, असंही बजावलं. हौशी बॉक्सिंगच्या जागतिक संघटनेने 2013 मध्ये वरिष्ठ पुरुष गटातून हेडगार्ड काढूनच टाकलं आणि 2016 च्या रिओ ऑलिंपिकमध्ये पुरुष बॉक्सर त्याशिवाय लढले. तेव्हा ‘हेडगार्ड आहे ना, मग काळजी कसली’ हे वाक्य ज्या क्लासमध्ये ऐकू येईल तिथे मुलाला ठेवू नका. थायलंडमध्ये लहान मुलं पैशांसाठी मुए थाईच्या लढती लढतात. तिथे 2018 मध्ये 13 वर्षांचा मुलगा रिंगमध्ये डोक्याला मार लागून मेंदूत रक्तस्राव होऊन दगावला. त्याच्या डोक्यावर हेडगार्ड नव्हतं, आणि त्यानंतर मुलांच्या लढतींवरून बराच वाद पेटला. मला मात्र त्या घटनेत हेडगार्डचा मुद्दा दुय्यम वाटतो. 13 वर्षांच्या मुलाच्या डोक्यावर फटके मारायला मोठ्यांनी परवानगी दिली, हा मुद्दा पहिला.

फटक्यांइतकंच पडण्याकडेही लक्ष द्या, कारण याबाबतीत पालक गाफील असतात. जुदो तर सुरक्षित मानला जातो. पण जपानमध्ये 1983 पासूनच्या सुमारे तीन दशकांत शाळांमधल्या जुदोमुळे शंभराहून अधिक मुलं दगावली. त्यांतल्या अनेकांच्या डोक्याला मार लागला होता, आणि बरीच मुलं नवशिकी होती. ओसोतोगारी, म्हणजे पाय मागून उडवून पाठीवर पाडण्याचा डाव, त्यात विशेष धोक्याचा ठरला. कारण पडणाऱ्याला हनुवटी छातीला लावून पडता आलं नाही तर डोक्याची मागची बाजू थेट आपटते. म्हणून मुलगा आधी पडायला शिकेल, पाडायला नंतर. पाडण्याचा सराव जाड मॅटवरच हवा. एकमेकांत अडकवायच्या फोमच्या मॅट असतील तर साधारण 40 मिलिमीटर जाडी हवी. 20 मिलिमीटरच्या मॅट लाथा-ठोशांच्या सरावाला चालतात, पाडापाडीला नाही. आणि मोठ्या मुलाने लहान मुलाला पाडायचं नाही.

त्याच जपानच्या जुदो महासंघाने 2022 मध्ये प्राथमिक शाळेतल्या मुलांची राष्ट्रीय वैयक्तिक स्पर्धा बंद केली. जिंकण्याच्या नादात लहान मुलांकडून वजन कमी करवून घेतलं जात होतं, पालक आणि प्रशिक्षक मुलांवर आणि पंचांवर ओरडत होते. जुदोच्या माहेरघरात हा निर्णय झाला, याचा मला मनापासून आदर वाटतो. तुमच्या क्लासमध्ये स्पर्धेसाठी 9 वर्षांच्या मुलाला उपाशी राहायला सांगितलं, तर त्याच क्षणी तिथून निघा.

आणि कधी डोकं आपटलंच तर? डोकेदुखी, चक्कर, मळमळ, प्रकाश सहन न होणं, गोंधळल्यासारखं होणं, एकच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारणं यातलं काहीही दिसलं तर त्या दिवशी मूल मॅटवर परत जात नाही. मूल ‘मी ठीक आहे’ म्हणालं तरी नाही. उलट्या, वाढती डोकेदुखी, जाग न येण्याइतकी झोप, झटके, डोळ्यांच्या बाहुल्या लहान-मोठ्या दिसणं ही ताबडतोब रुग्णालय गाठण्याची लक्षणं आहेत. परतताना एकदम स्पारिंग नाही. आधी विश्रांती आणि शाळा, मग हलका व्यायाम, मग संपर्काशिवाय सराव, आणि डॉक्टरांनी सांगितल्यावर संपर्क. सरांना विचारा, ‘मुलाचं डोकं आपटलं तर तुमचा नियम काय?’ उत्तर लगेच आलं पाहिजे. विचार करून द्यावं लागलं तर नियम नाही.

सांधे मुरगाळण्याचे डाव लहान मुलांना जपून, हळू, ठरावीकच. पायाचे डाव आणि गळा आवळण्याचे प्रकार या वयात नकोत. वाढत्या हाडांच्या टोकाशी जो मऊ भाग असतो त्याला झालेली इजा हाडाची वाढ बिघडवू शकते.

मात्र एक गोष्ट पहिल्या दिवसापासून शिकवलीच पाहिजे, ती म्हणजे टॅप. जोडीदाराच्या अंगावर किंवा मॅटवर दोन-तीनदा थोपटलं की समोरच्याने तत्क्षणी सोडायचं. हात अडकलेले असतील तर तोंडाने ‘टॅप’ म्हणायचं. वरवर हा सुरक्षेचा साधा नियम आहे. पण आठवड्यातून दोनदा मूल अनुभवतं की माझ्या शरीराबाबत मी ‘पुरे’ म्हटलं की समोरचा थांबतो, आणि समोरचा म्हणाला की मलाही थांबावं लागतं. हा अनुभव खोल जातो. पुढे कोणी मोठं माणूस नकोसा स्पर्श करू लागलं तर ‘पुरे’ म्हणायची सवय त्याच्या अंगात असते. टॅप केल्यावरही एखादा मोठा मुलगा क्षणभर जास्त आवळतो आणि सर हसून सोडून देतात, असं दिसलं तर बाकी सगळं उत्तम असूनही तो क्लास मी नाकारेन.

याच अनुषंगाने, हा खेळ अंगाला अंग लावूनच शिकवावा लागतो, म्हणून मोठ्यांच्या वागण्याची शिस्त कडक हवी. पालकांना बसून बघू दिलं पाहिजे. कोणत्याही मुलासोबत एकच मोठा माणूस बंद दारामागे असता कामा नये. सरांनी स्पर्श करण्याआधी ‘आता तुझा खांदा धरतोय’ असं सांगितलं पाहिजे. मुलाशी खासगी मेसेजवर बोलणं नको, जे काही कळवायचं ते पालकांना. शिक्षा म्हणून मोठ्या मुलासमोर उभं करणं, सगळ्यांदेखत टिंगल करणं याला काहीजण शिस्त म्हणतात. मी म्हणत नाही.

बेल्टचं फार मनावर घेऊ नका. मुलांना पुढची पायरी दिसली की हुरूप येतो, त्यामुळे बेल्ट असणं चांगलं. पण तारीख आली की सगळ्यांना बेल्ट, असं असेल तर ती पायरी राहत नाही. ब्राझिलियन जिउ-जित्सूच्या आंतरराष्ट्रीय महासंघाच्या नियमांत 16 वर्षांखाली निळा बेल्ट मिळत नाही आणि 19 वर्षांखाली काळा मिळत नाही. कोणी तुम्हाला त्यातला दहा वर्षांचा ब्लॅक बेल्ट दाखवला तर काय समजायचं ते तुम्हीच ठरवा.

आता तुमच्याबद्दल. 38 हे सुरुवात करायला चांगलं वय आहे. गुडघा, पाठ, रक्तदाब, डोळ्याच्या पडद्याचा त्रास किंवा गरोदरपण असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. बाकी, आठवड्यातून दोन दिवस पुरेत. पहिल्या तीन महिन्यांत लोकांना लागतं ते बहुधा बोटं, बरगड्या, मान आणि गुडघ्यांना, आणि कारण बहुतेकदा एकच असतं : टॅप उशिरा केला. गळ्याचा डाव नीट बसला तर मेंदूकडे जाणारं रक्त अडतं आणि आठ-दहा सेकंदांत शुद्ध हरपते. तिथे हिंमत दाखवण्यासारखं काहीच नाही. लवकर टॅप करा, हसा, पुन्हा सुरू करा. जोडीदार निवडण्याचा हक्क तुमचा आहे. नव्यानेच आलेला, दणकट आणि हरायला तयार नसलेला माणूस समोर आला तर ‘आज नको’ एवढंच म्हणा. कारण द्यायची गरज नाही. चांगल्या क्लासमध्ये कोणी विचारतही नाही. ठोशांचं स्पारिंग करायचंच असेल तर पुष्कळ नंतर, 16 औंसांचे ग्लोव्हज आणि माउथगार्ड घालून, आणि हलक्या हातानेच.

स्वच्छतेची एक ओळ, कारण कोणी सांगत नाही : गजकर्ण आणि त्वचेचे इतर संसर्ग मॅटवरून झपाट्याने पसरतात. मॅट रोज जंतुनाशकाने पुसली जाते का ते विचारा, नखं कापा, घरी गेल्या गेल्या अंघोळ करा, अंगावर चट्टा दिसला तर बरा होईपर्यंत जाऊ नका.

राहिला तुमचा मूळ प्रश्न, रात्रीच्या रस्त्याचा. इथे खेळ आणि स्वसंरक्षण वेगळं करायला हवं. खेळात समोर एकच माणूस असतो, साधारण तुमच्याच वजनाचा, आणि पंच थांबवायला उभा असतो. बाहेर यातलं काहीच नसतं. आणि बाईला धोका अंधाऱ्या गल्लीतल्या अनोळखी माणसापेक्षा ओळखीच्या माणसाकडून जास्त असतो. खेळ तुम्हाला विरोधाची सवय देतो, दम देतो, कोणी धरलं तर गोठून न जाण्याची शक्यता वाढवतो. पण कधी निघायचं, कधी ओरडायचं, ओळखीच्या माणसाला ‘नाही’ कसं म्हणायचं हे खेळ शिकवत नाही. ते वेगळं शिकावं लागतं.

म्हणून एका दिवसाची कार्यशाळा मी सरसकट उडवून लावणार नाही. कॅनडातल्या तीन विद्यापीठांमध्ये चार्लीन सेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक चाचणी केली. तिचे निष्कर्ष 2015 मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये आले. पहिल्या वर्षातल्या विद्यार्थिनींना एकूण 12 तासांचं प्रशिक्षण दिलं. पुढच्या वर्षभरात बलात्काराला बळी पडलेल्यांचं प्रमाण प्रशिक्षण घेतलेल्या गटात 5.2 टक्के, तर फक्त माहितीपत्रकं मिळालेल्या गटात 9.8 टक्के होतं. बारा तासांत कोणी लढवय्यी होत नाही. त्या प्रशिक्षणात भर होता तो ओळखीच्या पुरुषाच्या वागण्यातला धोका लवकर ओळखण्यावर, ‘त्याला वाईट वाटेल’ हा संकोच मोडण्यावर, ठाम बोलण्यावर, आणि मग गरज पडलीच तर मोजक्या जोरदार प्रतिकारावर. तेव्हा कार्यशाळेच्या आयोजकांना विचारा : ओळखीच्या माणसाबद्दल किती वेळ बोलणार? आवाजाचा सराव घेणार का? पॅड घातलेल्या माणसावर पूर्ण ताकदीने मारायला मिळणार का? उत्तरं होकारार्थी असतील तर जा. मनगट सोडवण्याचे पंधरा प्रकार दाखवून घरी पाठवणार असतील, तर तो दिवस वाया जाईल.

तिथे कोणी चाकू हिसकावून घेण्याचा डाव शिकवत असेल तर एक आकडा लक्षात ठेवा. अमेरिकेतले पोलीस प्रशिक्षक डेनिस ट्युलर यांनी 1983 मध्ये दाखवून दिलं की चाकूधारी माणूस सुमारे 21 फुटांचं अंतर साधारण दीड सेकंदात कापतो. पिस्तूल बाळगणाऱ्या पोलिसालाही तेवढा वेळ अपुरा पडतो. पर्स, मोबाइल मागितला तर त्याच्यापासून लांब फेका आणि उलट दिशेला पळा. बोटांच्या फटीत किल्ल्या धरण्याच्या सल्ल्यानेही फार काही साधत नाही. किल्ली सरकते आणि तुमचीच बोटं दुखावतात. उघड्या तळव्याने नाकावर किंवा हनुवटीवर मारणं जास्त भरवशाचं, आणि तेही पळायला वाट मिळावी म्हणून. समोरचा थांबला की तुम्हीही थांबायचं, मागे लागून मारायचं नाही. कायदाही बहुतेक ठिकाणी धोक्याच्या प्रमाणातलाच प्रतिकार मान्य करतो.

आणि कधी शरीर गोठलंच, आवाज फुटलाच नाही, तर तो तुमचा दोष नाही. घाबरल्यावर गोठणं ही शरीराची उपजत प्रतिक्रिया आहे. सरावाने ती कमी होऊ शकते, पण हमी कोणीच देऊ शकत नाही. जो प्रशिक्षक हे उघडपणे सांगतो त्याच्यावर माझा जास्त विश्वास बसतो.

आता क्लास बघायला जाल तेव्हा पूर्ण तास बसा, विशेषतः शेवटची वीस मिनिटं. सुरुवात सगळ्यांचीच छान असते. मुलं दमल्यावर, चिडल्यावर सर काय करतात ते महत्त्वाचं. बॅचमधल्या सर्वांत चपळ मुलाकडे बघू नका, सर्वांत अवघडलेल्या मुलाकडे बघा : त्याला जोडीदार कोण मिळतो, तो रडला तर त्याच्याशी कसं बोलतात, तासाच्या शेवटी तो कोपऱ्यात आहे की इतरांमध्ये. मुलींची संख्या आणि जुने विद्यार्थी किती वर्षं टिकलेत हेही पुष्कळ सांगून जातं. वर्षभराची फी आधी मागत असतील तर महिन्याभराचीच भरा.

दोघांनी एकाच वेळी सुरू करायला हरकत नाही, बॅच मात्र वेगळी घ्या. मुलगा तुमच्यासमोर पडायला लाजेल आणि तुम्ही त्याच्याकडे बघत राहाल. घरी जाड गादीवर त्याला सांगा, आज शिकलेली एक सुटका मला शिकव. तुम्ही मात्र खरोखर धरा, सहज सुटू देऊ नका, पण त्याने थोपटलं की लगेच सोडा. महिन्याने तो ‘मला नाही जायचं’ म्हणाला तर आळस समजून ढकलू नका. कोणत्या मुलासोबत जोडी लावतात, कोणता खेळ आवडत नाही, सर काय बोलले हे शांतपणे विचारा. बऱ्याचदा जोडीदार बदलल्यावर प्रश्न सुटतो. नाहीच सुटला तर दुसरा क्लास बघा, आणि शाळेशी चाललेलं बोलणं त्या काळातही थांबवू नका.